दंडाची वही आणि शिस्त समितीचा सचिव

पत्र असं आहे: ‘मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात टी.वाय. बी.एस्सी.ला आहे. वसतिगृहात आम्ही १२० मुलं. यंदा प्राचार्यांनी सात जणांची विद्यार्थी शिस्त समिती नेमली आणि मला सचिव केलं. “आता तुमचं तुम्हीच बघा, बारीकसारीक गोष्टी माझ्यापर्यंत आणू नका,” एवढंच सांगितलं, लेखी काही दिलं नाही. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत एफ.वाय.चा एक मुलगा रात्री पावणेबाराला आला. गेट साडेनऊला बंद होतं. समितीनं त्याला २०० रुपये दंड केला आणि वसतिगृहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माफी मागायला लावली. अक्कलकोट तालुक्यातून त्याचे वडील आले, “ही रॅगिंगच आहे” म्हणाले. रेक्टर सर म्हणाले, “पोरांनी परस्पर केलंय, मला कल्पना नव्हती.” दंडाचे आजवरचे ३,४०० रुपये खजिनदाराच्या यूपीआय खात्यात आहेत. आता एका खोलीतून १,८०० रुपये गेलेत. एका मुलावर संशय आहे आणि समितीतले चौघं म्हणतायत, आज रात्री त्याची पेटी उघडू. मी राजीनामा द्यावा का? की हे काम नीट करता येतं?’

मित्रा,

आधी आज रात्रीचं. पेटीला हात लावू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाच, पण एवढं जेवणाच्या आधी त्या चौघांना सांग, आणि लिहून सांग: ‘समितीला झडती घेण्याचा अधिकार नाही. बाब रेक्टरांकडे लेखी दिली आहे.’ तुम्ही कुलूप काढलंत आणि पैसे सापडले, तर ते तुम्हीच ठेवले नाहीत हे कशावरून? नाही सापडले, तर ‘ह्याची पेटी उघडली होती’ हा शिक्का त्या पोरावर तीन वर्षं राहणार. दोन्हीकडून तुम्हीच गोत्यात, आणि १,८०० रुपये कुठं गेले ते कळलेलं नाहीच.

करायचं ते असं. ज्याचे पैसे गेले त्यानं स्वतः रेक्टरांच्या नावे अर्ज लिहायचा. रक्कम किती, नोटा कोणत्या (पाचशेच्या तीन, शंभराच्या तीन, इतक्या नेमकेपणानं), शेवटच्या कधी पाहिल्या, कुठं ठेवल्या होत्या, नंतर खोलीला कुलूप होतं का, किल्ल्या किती जणांकडं. कुणाचं नाव घ्यायचं असेल तर संशय का, तेही लिहायला सांगा. लिहायला बसलं की निम्मे संशय तिथंच विरतात. ‘त्यानं परवा नवे बूट घेतले’ याच्यापुढं पेन सरकत नाही. सामान तपासायचंच ठरलं तर ते रेक्टरांनी ठरवावं, त्या खोलीतल्या सगळ्यांचं तपासावं, ज्याचं त्यानं आपल्या हातानं कुलूप काढावं, दोन साक्षीदार असावेत आणि काय झालं त्याचा चार ओळींचा कागद व्हावा. कुणाचा मोबाईल उघडून चॅट किंवा पैशांचे व्यवहार बघायचे नाहीत. तो मोह रेक्टरांनीही टाळावा. पोलिसांत जायचं की नाही, हे ज्याचे पैसे गेले त्यानं ठरवायचं. तुम्ही त्याला अडवायचं नाही, आणि दुसऱ्याला पोलिसांचा धाक दाखवून कबुलीही काढायची नाही.

आता गड्ड्याच्या प्रकरणाकडं येऊ. तुला आवडणार नाही, पण त्या वडिलांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. रॅगिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कपडे काढायला लावणं, मारहाण असलं काही येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या रॅगिंगविरोधी विनियमांतली व्याख्या त्यापेक्षा खूप रुंद आहे. एरवी जे कुणी केलं नसतं आणि जे केल्यानं लाज वाटते, असं काही एखाद्याला करायला लावणं त्यात येतं. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यावर जबरदस्तीनं खर्चाचा बोजा टाकणं त्यात येतं. शब्दांतून, ईमेलमधून, जाहीर अपमानातून केलेला छळही येतो. आता आपलं प्रकरण शेजारी ठेवून बघ. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलाकडून २०० रुपये घेतले, पावती नाही. आणि १२० जणांसमोर माफीचा मजकूर टाकायला लावला. तुमचा हेतू शिस्तीचा होता, हे आम्ही मानतो. पण कागदावर हेतू दिसत नाही, कृती दिसते. प्राचार्यांच्या सहीचा एकही कागद तुमच्या पाठीशी नसल्यामुळं ती कृती ‘महाविद्यालयाची कारवाई’ ठरत नाही, ‘सीनिअरांनी केलेली’ ठरते.

विद्यार्थ्यांच्या शिस्त समित्यांचं काम गेल्या २५ वर्षांत बदललं ते नेमकं इथं. जुन्या बोर्डिंगांत सेक्रेटरी असायचा. पहाटे पोरांना उठवायचं, पंगत लावायची, उशिरा येणाऱ्याला चार शब्द सुनवायचे, वेळ पडली तर कान पिळायचा, रेक्टर निवांत. सीनिअरनं ज्युनिअरला वळण लावणं तेव्हा कुणाला खटकत नव्हतं. महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा आला. त्यात गुन्हेगाराला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, दोषी ठरल्यावर पाच वर्षं दुसऱ्या संस्थेत प्रवेश नाही, आणि तक्रार येऊनही गप्प बसणारा संस्थाप्रमुखही अडकतो. पुढं २००९चे विनियम आले. तेव्हापासून सीनिअरनं ज्युनिअरला शिक्षा करणं हेच मुळात संशयास्पद झालं. कायद्यानं विद्यार्थ्यांना बाजूला मात्र काढलेलं नाही. रॅगिंगविरोधी समितीत नव्या आणि जुन्या दोन्ही विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. लैंगिक छळाच्या २०१५च्या विनियमांप्रमाणे प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर अंतर्गत समितीत तीन निवडून आलेले विद्यार्थी बसतात. २०२३च्या तक्रार निवारण विनियमांत विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो. बघणं, ऐकणं, नोंद ठेवणं, मत देणं हे सगळं विद्यार्थ्यांकडं आहे. अंतिम शिक्षेवरची सही मात्र विद्यार्थ्याची नाही.

बाहेरच्या देशांतही हे चक्र फिरलंय. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात १८४२पासून ‘ऑनर’ची, म्हणजे सचोटीच्या नियमांची, व्यवस्था आहे आणि ती विद्यार्थीच चालवतात. खोटं बोलणं, फसवणूक, चोरी, आणि दोषी ठरला तर बराच काळ शिक्षा एकच होती: विद्यापीठातून कायमचं बाहेर. त्यावरचा मोठा आक्षेप असा की शिक्षा इतकी जड असली की तक्रार करणाऱ्याचा हात अडतो आणि निर्णय देणाऱ्याचाही. २०२२ साली विद्यार्थ्यांनी मतदान करून हकालपट्टीच्या जागी दोन सत्रांची रजा आणली, आणि पुढच्या वर्षी प्रकरण बघून वेगवेगळे उपाय करण्याची पद्धत स्वीकारली. स्टॅनफर्डमध्ये १९२१च्या संहितेनुसार परीक्षेत पर्यवेक्षक नसायचा. विद्यार्थ्यांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं. तिथंही २०२३ साली प्रायोगिक तत्त्वावर पर्यवेक्षणाला मान्यता मिळाली. (मध्ययुगीन बोलोन्यात तर विद्यार्थीच उशिरा येणाऱ्या प्राध्यापकांना दंड करायचे. हे तुमच्या खजिनदाराला सांगू नकोस.) तेव्हा तुमची समिती फसली म्हणून कल्पनाच चुकीची, असं नाही. तुम्हाला जे काम दिलं ते कुणी आखूनच दिलेलं नव्हतं.

म्हणून राजीनामा आज नको. प्रकरण अर्धवट असताना दिलेला राजीनामा पळ काढल्यासारखा दिसतो, आणि सचिव गेला की वही त्या चौघांच्या हातात जाते. त्याऐवजी प्राचार्यांना एक अर्ज दे. आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घे. मजकूर लांब नको: ‘विद्यार्थी शिस्त समितीची नेमणूक तोंडी झाली आहे. समितीचे अधिकार, मर्यादा व अपील यांबाबत लेखी आदेश मिळावा. आदेश मिळेपर्यंत समिती कोणतीही सुनावणी घेणार नाही व कोणालाही दंड करणार नाही. आजवर जमा झालेल्या रकमेचा हिशेब सोबत जोडला आहे.’ पंधरा दिवसांत आदेश नाही आला तर कारण लिहून राजीनामा दे, मग तो सन्मानाचा ठरेल.

त्या ३,४०० रुपयांचं आधी. दंडाची वही काढ, खजिनदाराच्या खात्याचं विवरण काढ आणि दोन्ही ताळ्याला लाव. दंड सरसकट २०० असेल तर १७ नोंदी निघायला हव्यात. निघाल्या नाहीत तर तेही तसंच लिही, जुळवाजुळव करू नकोस. पैसे ज्याचे त्याला परत करा, प्रत्येकाची सही घ्या आणि यादीची प्रत रेक्टरांना द्या. ‘त्यातून मेसला मिक्सर घेऊ’ ही कल्पना कुणीतरी मांडेलच. परत करणंच बरं. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या पैशाला चांगला उपयोग शोधला म्हणून तो वैध होत नाही. पुढं नुकसानभरपाई घ्यायचीच असेल (फुटलेली काच, मोडलेला नळ) तर ती महाविद्यालयाच्या रोखपालाकडं, पावती घेऊन, खऱ्या बिलाइतकीच. आणि दर महिन्याला ठरावीक ‘शिस्त निधी’ वगैरे तर अजिबात नको.

ग्रुपवरच्या माफीचं काय? खोडायची घाई करू नकोस. वडिलांनी लेखी तक्रार दिली असेल किंवा देणार असतील तर तो पुरावा आहे. स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट रेक्टरांना द्यायचा, मग त्यांच्या सांगण्यावरून तो मजकूर ग्रुपवरून काढायचा. लेखी तक्रार आली की १९९९च्या कायद्यानुसार संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. त्या काळात त्या मुलाला किंवा घरच्यांना ‘मागे घ्या’ म्हणायला कुणीही जायचं नाही. गोड बोलूनही नाही, चहा पाजूनही नाही. चौकशीत विचारतील ते खरं सांग, कोण काय म्हणालं ते आठवून आधी कागदावर लिहून ठेव, आणि आपल्या आईवडिलांना आजच कल्पना दे. तक्रार नसेल तर रेक्टरांसमोर त्या मुलाला एवढंच सांग की तो निर्णय मागे घेतलाय, पैसे हे घे. त्यानं तुला माफ केलं पाहिजे, असं काही त्याच्याकडून वदवून घेऊ नकोस.

आता काम नीट कसं करायचं. सगळ्यात आधी प्रकरणांच्या तीन थप्प्या करा, आणि ही वाटणी प्राचार्यांच्या आदेशातच येऊ द्या. तुमच्या अडचणी बहुतेक ह्या वाटणीअभावीच झाल्यात.

पहिली थप्पी तुमची: रात्रीचा आवाज, मेसची रांग आणि ताटातलं उष्टं, पाण्याची मोटर चालू ठेवणं, सामायिक न्हाणीघराची साफसफाई, खोलीतली विजेची शेगडी, गेटला उशीर. इथं समिती ऐकेल, नोंद करेल आणि हलका उपाय सुचवेल.

दुसरी थप्पी नोंदवून वर पाठवायची: चोरीचा संशय, वस्तूंची तोडफोड, किरकोळ धक्काबुक्की, बाहेरच्याला खोलीत ठेवणं. इथं तुम्ही फक्त कागद नीट करता. चौकशी रेक्टर करतात.

तिसऱ्या थप्पीला हात लावायचा नाही. रॅगिंग, लैंगिक छळ, जातीवरून बोलणं किंवा वागवणं, रक्त निघालेली मारामारी, अमली पदार्थ, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, परीक्षेतली कॉपी, आणि अठरा वर्षांखालचा मुलगा असलेलं कुठलंही गंभीर प्रकरण. हा शेवटचा मुद्दा विसरला जातो. एफ.वाय.ला सतरा वर्षांचीही मुलं असतात, आणि अकरावी-बारावीची मुलं त्याच इमारतीत राहत असतील तर बघायलाच नको. या थप्पीत समितीचं काम एकच: कळल्याच्या तासाभरात रेक्टरांना सांगणं आणि किती वाजता सांगितलं ते लिहून ठेवणं. ‘आपसांत मिटवू’ हे वाक्य इथं सगळ्यात घातक. रॅगिंगमध्ये गुन्हा दिसत असेल तर संस्थाप्रमुखानं २४ तासांत पोलिसांत तक्रार नोंदवायची असते, आणि तुमच्या मिटवामिटवीत ते २४ तास संपतात. रॅगिंगविरोधी देशव्यापी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही आहे; ती सूचनाफलकावर समितीच्या नावांच्या वर लावा, खाली नको. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी विद्यापीठाची वेगळी यंत्रणा आहे आणि राज्याचा १९८२चा कायदाही आहे. वर्गात कॉपी बघितली म्हणून वसतिगृहात खटला चालवायचा नाही.

समितीची रचना. सात जण एकदम सुनावणीला बसले की समोरच्याला ती सुनावणी वाटत नाही, घेराव वाटतो. एका प्रकरणाला तिघं पुरेत, त्यातला एक पहिल्या वर्षाचा असावा. ज्यानं माहिती गोळा केली तो निर्णयाला बसणार नाही. खोलीसोबती, एकाच गावचे, एकाच संघटनेतले, आधी भांडण झालेले, ज्यांचं तक्रारदाराशी किंवा समोरच्याशी असं काही आहे त्यांनी स्वतःहून उठायचं आणि ते वहीत लिहायचं. वसतिगृहात सगळेच सगळ्यांना ओळखतात, ही अडचण खरी आहे. म्हणून तर सात जणांतून तिघं निवडायला जागा ठेवायची. आणि नेमणूक गुणांवर किंवा रेक्टरांच्या मर्जीवर करण्यापेक्षा प्रत्येक वर्षाच्या मुलांनी चिठ्ठी टाकून निवडलेली बरी. ज्याला आपण निवडलं त्याचं पोरं जास्त ऐकतात.

आता नोटीस. तुमच्याकडं सध्या नोटीस कशी जाते त्याचा अंदाज आहे: ‘काय बे, रात्री अकराला १४ नंबरला ये, सगळे बसलेत.’ हा निरोप मिळालेल्या मुलाला पुढच्या दोन तासांत काय वाटतं, तेवढा एकच विचार कर. नोटीस कागदावर असावी, हातात द्यावी, पोच घ्यावी, आणि सुनावणीच्या किमान ४८ तास आधी. त्यात काय लिहायचं? ‘दिनांक अमुक रोजी रात्री ११.४५ वाजता तुम्ही वसतिगृहात आल्याची गेट नोंदवहीत नोंद आहे. वसतिगृह नियम क्र. ४ प्रमाणे वेळ ९.३० आहे. याबाबत तुमचं म्हणणं ऐकण्यासाठी दिनांक अमुक रोजी सायंकाळी ५.३० वाजता वाचनालयात यावं. सोबत एक मित्र आणता येईल. लेखी म्हणणं दिलं तरी चालेल. गेट नोंदवहीतलं पान सचिवांकडं बघता येईल.’ तारीख, वेळ, कुठल्या नियमाचा भंग, पुरावा काय. ‘गैरवर्तन केल्याबद्दल’ असं मोघम लिहिलेली नोटीस म्हणजे नोटीसच नव्हे.

यामागं आमचा हट्ट नाही, कायद्याचं जुनं तत्त्व आहे. १९६२ साली उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की विद्यार्थ्यावर गंभीर कारवाई करणाऱ्या समितीनं त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. तीन मुलांचे निकाल न ऐकता रद्द केले होते, तो निर्णय टिकला नाही. पण ऐकणं म्हणजे कोर्टासारखी उलटतपासणी नव्हे. १९७३ साली रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात, मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात रात्री शिरल्याचा आरोप असलेल्या मुलांसमोर मुलींचे जबाब घेतले नव्हते. मुलांना आरोप काय तो सांगितला, म्हणणं मांडू दिलं, आणि न्यायालयानं तेवढं पुरेसं मानलं, कारण त्या मुलींना समोरासमोर बसवणं धोक्याचं होतं. तेव्हा तक्रारदाराला समोर आणायलाच हवं, असं नाही. पण आरोप काय आणि कशावरून, हे समोरच्याला कळायलाच हवं.

सुनावणी उजेडी घ्या, संध्याकाळी पाच ते सात. कुणाच्या खोलीत नाही, दार उघडं, सगळे एकाच उंचीच्या खुर्च्यांवर. समितीचे तिघं कॉटवर मांडी घालून आणि पोरगा उभा, हे चित्र बदललंत तरी निम्मं काम झालं. शेजारच्या खोलीत एक शिक्षक असावा, पण सुनावणीत नको. रेकॉर्डिंग नाही, फोन टेबलावर पालथे. अर्ध्या तासात संपवा.

एक गोष्ट सोलापुरातच सुचावी अशी: भाषा. तुमच्याकडं अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची घरी कन्नड बोलणारी मुलं असतात, शहराच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी असतात. घाबरलेला मुलगा मराठीत अडखळतो आणि तिघांना वाटतं, हा काहीतरी लपवतोय. जबाब त्याच्या भाषेत, त्याच्याच हातानं लिहू दे. ती भाषा येणाऱ्या, प्रकरणाशी संबंध नसलेल्या मुलाकडून खाली मराठीत करून घे आणि तिघांच्या सह्या घे. तुम्ही मराठीत लिहून ‘इथं सही कर’ म्हटलेला जबाब कवडीमोलाचा.

निर्णय अर्ध्या पानापेक्षा मोठा नको: कुठली गोष्ट खरी मानली आणि कशावरून, कुठला नियम मोडला, उपाय काय, आणि सात दिवसांत रेक्टरांकडे दाद मागता येईल हे वाक्य. हे शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. रेक्टरांनी सही केल्यावरच तो लागू होतो. म्हणजे उद्या ‘मला कल्पना नव्हती’ म्हणायची सोय राहत नाही, त्यांनाही आणि तुम्हालाही.

उपाय काय असावा, याबद्दल आमचं मत ठाम आहे. दंड नाही. उठाबशा, उभं करणं, अंगमेहनत नाही. जेवण बंद, बोलणं बंद, ग्रुपमधून काढणं नाही. जाहीर माफी नाही. सीनिअरची कामं तर नाहीतच. मग उरतं काय? बरंच उरतं. पहिल्यांदा नुसती लेखी समज. दुसऱ्यांदा पंधरा दिवस गेटवर वेळेची सही. आवाजाची तक्रार असेल तर दोन्ही खोल्यांना एकत्र बसवून लेखी समझोता: परीक्षेच्या काळात रात्री दहानंतर स्पीकर नाही, आणि त्या बदल्यात सकाळी सहाच्या आत दुसऱ्यांनी बादल्या आदळायच्या नाहीत. खराब केलं ते साफ करणं चालेल, पण त्यानं स्वतः खराब केलेलंच, दिवसाउजेडी, आणि त्यानं नाही म्हटलं तर जबरदस्ती न करता प्रकरण वर. तिसऱ्यांदा तीच गोष्ट झाली तर रेक्टर पालकांना बोलावतील. तो फोन तुम्ही करायचा नाही.

नोंदवहीला पानांचे क्रमांक घाल, पान फाडायचं नाही. ती रेक्टरांच्या कपाटात कुलपात राहील, तुझ्या गादीखाली नाही. पहिल्या थप्पीतली कुठलीही नोंद मुलाच्या वर्तणुकीच्या दाखल्यावर येणार नाही, हे आदेशातच लिहून घे. निनावी चिठ्ठी आली तर तिच्यावर सुनावणी होत नाही, फक्त लक्ष ठेवता येतं.

तरी तुला एक सांगतो, सात जणांचं सगळ्यात उपयोगाचं काम सुनावणीचं नाहीच. २००९च्या विनियमांत मार्गदर्शक विद्यार्थ्यांची तरतूद आहे: पहिल्या वर्षाच्या सहा मुलांमागं एक. तुमच्या १२० मुलांत पहिल्या वर्षाची ४०-४२ असतील तर सात जण बरोबर पुरतात. प्रत्येकानं आपल्या सहा जणांना पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा मेसमध्ये सोबत बसून विचारायचं: नियम माहीत आहेत का, मेसचं पटतंय का, रात्री कुणी त्रास देतंय का. गेट साडेनऊला बंद होतं, हे त्या अक्कलकोटच्या पोराला कुणी सांगितलं होतं का, हे तुझ्या पत्रात नाही.

आणि गड्ड्याचं एक राहिलंच. होम मैदानावरची गर्दी, अक्षता सोहळा, शोभेचं दारूकाम हे बघायला पोरं जाणारच; साडेनऊच्या गेटची वेळ त्या चार दिवसांत दरवर्षी मोडणार. एवढ्या जणांकडून मोडला जाणारा नियम असेल तर समितीनं नियमाकडंच बघावं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रेक्टरांना अर्ज द्या: यात्रेच्या मुख्य दिवसांत गेट साडेअकरापर्यंत उघडं, जाताना नोंदवहीत नाव, खोली, सोबत कोण, मोबाईल नंबर आणि परतायची वेळ, पहिल्या वर्षाची मुलं दोघा-तिघांनी मिळूनच जातील, आणि समितीतले दोघं त्या रात्री गेटवर रखवालदारासोबत बसतील. साडेअकरापर्यंत ज्याची परत आल्याची सही नाही त्याला गेटवरचे दोघं आधी फोन लावतील.